रकान्यात ‘नाही’ लिहिणारी बाई

एका शनिवारी दुपारी आमच्या पंचवटीतल्या गल्लीत बातमी फिरली की झुंबरबाई गावितांनी सरकारी दवाखान्यातून मूल पळवलं. बातमी मीच फिरवली होती, त्यामुळे तिच्या खरेपणाबद्दल मला सुरुवातीपासूनच शंका होती. पण डोळ्यांनी बघितलं ते बघितलं. शिलाई मशीनवर बसलेला माणूस सुईकडे कमी आणि रस्त्याकडे जास्त बघतो. बाई रिक्षातून उतरल्या, कडेवर टॉवेलात काहीतरी गुंडाळलेलं, आणि टॉवेलातून दोन गुलाबी पाय बाहेर लोंबत होते. पाय हलत नव्हते, एवढं मी सांगताना गाळलं.

बातमी भाजीबाजारापर्यंत जाऊन परत आली तेव्हा मूल एकाचं जुळं झालेलं होतं. मग बाई स्वतःच दुकानात आल्या आणि टॉवेल माझ्या कापडावर उलगडला.

“घ्या केरूभाऊ, नीट बघा. बारशाला बोलवायचं का, तेही सांगा.”

आत रबरी बाहुली होती, नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या मापाची. नर्सांना शिकवण्यासाठी सरकारने दिलेली.

ही गोष्ट २००२ सालची. झुंबरबाई मूळच्या सुरगाण्याकडच्या आणि पेठ तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स. मुलं नाशकात शिकत, म्हणून माझ्या भिंतीला लागून दोन खोल्या घेतलेल्या. शनिवारी एसटीने यायच्या, सोमवारी परत जायच्या. स्वभाव असा की नळावर रांग मोडली म्हणून त्यांनी माझ्या बायकोची भरलेली कळशी तिलाच ओतायला लावली होती. बायको अजून तो विषय काढते आणि मी अजून हसतो.

तर त्या आठवड्यात नाशकातल्या सरकारी दवाखान्यात बाईंचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. जन्मल्यावर बाळ रडलंच नाही, श्वास घेईना, तर रबरी फुग्याने तोंडातून हवा कशी द्यायची, हा विषय. अशा प्रशिक्षणांची एक रीत असते. पहिल्या दिवशी सकाळी तिन्ही दिवसांच्या सह्या करून घेतात. मग साहेब पडद्यावर अक्षरं पाडतात आणि तीच अक्षरं वाचून दाखवतात. शेवटच्या दिवशी परीक्षा, तिची उत्तरं फळ्यावर. सगळ्या जणी पास. आणि ती बाहुली? ती कपाटात, कुलपात. भांडारपाल खंडेराव किल्ली सोडत नसत. “डेडस्टॉकच्या वहीत नग एकच आहे, फाटला तर उत्तर कोण देणार?” असं त्यांचं म्हणणं.

बाईंनी अगदी असंच प्रशिक्षण पाच वर्षांपूर्वीही घेतलं होतं. प्रमाणपत्र उपकेंद्राच्या भिंतीवर होतं. त्याच भिंतीखाली दोन वर्षांपूर्वी एक बाळ न रडताच गेलं. फुगा बाईंच्या हातात होता, दाबत होत्या, छाती काही वर येत नव्हती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि मी, आश्चर्य वाटेल, कोणालाच सांगितलं नाही.

म्हणून या वेळी शेवटच्या कागदावर ‘प्रात्यक्षिक केले’ हा रकाना आला तेव्हा एकोणतीस जणींनी ‘होय’ लिहिलं आणि झुंबरबाईंनी ‘नाही’ लिहिलं.

अहिरराव साहेब, म्हणजे प्रशिक्षण देणारे डॉक्टर, हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की हा विनोद नाही.

“बाई, तुमचं नाव आरोग्य सहायिकेच्या बढतीच्या यादीत आहे. हे प्रमाणपत्र नसेल तर यादीतून जाईल.”

“जाऊ द्या. बाहुली काढा.”

खंडेरावांना इतका राग आला की त्यांनी बाहुली काढलीच. “एवढी हौस आहे तर घरी घेऊन जा. पावतीवर सही करा आणि सोमवारी जशीच्या तशी आणा.” हे ते रागाने बोलले होते. बाईंनी शांतपणे पावतीवर सही केली.

रविवारी त्यांच्या ओट्यावर पेठेकडच्या पाच नर्सा जमल्या. मला घड्याळ घेऊन बसवलं, कारण गल्लीत तेवढाच रिकामा माणूस. बाहुली पाटावर, खांद्याखाली घडी केलेला नॅपकिन, मान किंचित मागे. तोंडानाकावर फुग्याला जोडलेला रबरी मुखवटा दाबायचा, फुगा दाबायचा, आणि मोजायचं: दाब, दोन, तीन. बाहुलीची छाती वर आली पाहिजे. ती येईना. सहाही जणींनी करून बघितलं. एक म्हणाली, मान चुकतेय. दुसरी म्हणाली, माझा हात चुकतोय. मी म्हणालो, बाळाचा बाप सरकारी नोकर असणार, हलायलाच तयार नाही. झुंबरबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी घड्याळात बघू लागलो.

मग त्यांनी बाहुलीच्या तोंडात बोट घातलं आणि चिमट्याने काहीतरी ओढलं. पांढऱ्या स्पंजचं बूच. कारखान्यातून येताना घशात भरलेलं, तसंच्या तसं.

इतक्या वर्षांत जिल्ह्यातल्या शेकडो नर्सांनी त्या बाहुलीवर ‘प्रात्यक्षिक’ केलं होतं, कागदावर. आणि तिच्या घशात एक फुंकरसुद्धा गेली नव्हती.

बूच निघाल्यावर चौथ्या दाबाला छाती वर आली. दिवेलागणीपर्यंत सहाही जणींचा हात बसला. एकीला तर मान किती मागे न्यायची हे पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर त्या दिवशी कळलं.

सोमवारी बाईंनी बाहुली आणि बूच दोन्ही साहेबांच्या टेबलावर ठेवलं. अहिरराव साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त वाचून दाखवायची सवय लागलेली. पुढच्या तुकडीपासून बाहुली कपाटाबाहेर आली, तीस जणींचे सहा गट पडले, आणि प्रत्येकीचा हात बघितल्याशिवाय ‘होय’ लिहायचं नाही असं ठरलं. मात्र बाईंच्या तुकडीचा अहवाल त्या एका ‘नाही’पायी अडकून पडला. वर पाठवावा तर वरचे विचारणार, एकीने केलं नाही मग बाकीच्यांनी कशावर केलं? जूनमध्ये बढतीची यादी लागली. झुंबरबाईंचं नाव नव्हतं.

मग एका रविवारी खुद्द खंडेराव गल्लीत आले, काखेत फाईल. मी मशीन थांबवलं. असं काही पायडलच्या आवाजात ऐकू येत नाही. चहा झाला. फाईल उघडली.

“ताई, साहेबांचा निरोप आहे. आता तर तुम्हाला येतं. आम्हीही सुधारलो. मग ‘नाही’ खोडून ‘होय’ करायला काय हरकत? खोटं तर नाही ना ते. पुढच्या यादीत तुमचं नाव पहिलं.”

मलासुद्धा ते पटलं, खरं सांगतो. मी मान डोलावली देखील.

झुंबरबाईंनी पेन घेतलं, कागद दोनदा वाचला आणि पेन परत फाईलवर ठेवलं.

“खंडेराव, मी शिकले रविवारी, इथं, या ओट्यावर. ती तारीख आणि ही जागा लिहू देत असाल तर आत्ता सही करते. तुमच्या तीन दिवसांत शिकले असं मी लिहिणार नाय. बढती मिळो नाय तर ना मिळो.”