शिळा पुसणारा कवडू

कवडू रेवतकर १९१९ साली अजब बंगल्यात चपराशी म्हणून लागला, तेव्हा त्याला स्वतःचं नावही वाचता येत नव्हतं. नागपुरातले लोक सरकारी संग्रहालयाला अजब बंगलाच म्हणत. पेंढा भरलेले वाघ, जुन्या तलवारी आणि मूर्ती बघायला सणासुदीला खेड्यांवरून माणसं येत आणि प्रत्येक कपाटापुढं थांबून कवडूला विचारत, की इथं काय लिहिलं आहे. नरखेडकडच्या शेतकऱ्याचा हा मुलगा. खोटं सांगायची सवय नाही, आणि माहीत नाही म्हणायची लाज. महिनाभर त्यानं मोठ्या साहेबाला विचारा असं सांगून वेळ मारून नेली. मग तिथले कारकून चंपतराव यांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, मले पाट्या वाचाले शिकवा.

चंपतरावांनी शिकवलं, पण आपल्या सोयीनं. पुस्तक कोण आणून देणार? ते रोज सकाळी एक पाटी वाचून दाखवत आणि कामाला लागत. कवडू ती पाटी दिवसभर बघत राही. त्यामुळे त्याची बाराखडी जगावेगळी झाली. घ घारीचा, त तरसाचा, म मुंगसाचा. ण काही कुठल्या जनावराच्या तोंडाशी सापडेना, तेव्हा तो हरिणाच्या शेपटीकडून घेतला. वर्षभरानं त्यानं गावी पहिलं पोस्टकार्ड लिहिलं. घरचे सगळे खुशाल आहेत, हे त्यात अगदी नीट होतं. फक्त शेवटी, कपाटातल्या पाट्यांवर असे तशीच, सही होती : ‘कवडू. नर. नागपूर जिल्हा.’ ते कार्ड वडिलांनी गावातल्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं म्हणतात.

दोन वर्षांत बंगल्यातल्या सगळ्या पाट्या वाचून झाल्या. उरली एक काळी शिळा. ती मूर्तींच्या दालनात कोपऱ्यात उभी होती. तिच्यावर तीन ओळी कोरलेल्या, आणि शेजारच्या पाटीवर एवढंच लिहिलेलं, की लेख अजून वाचलेला नाही. हे कवडूच्या मनाला लागलं. आपण रोज जी पुसतो तिच्यावर काय लिहिलं आहे ते कोणालाच ठाऊक नसावं, हे त्याला पटेना.

तेव्हापासून शिळा पुसायला त्याला अर्धा तास लागू लागला. आधी ओलं फडकं, मग कोरडं, मग प्रत्येक अक्षराच्या खाचेतून बोट. अक्षरं जुन्या वळणाची, ओळखू येत नव्हती. म्हणून त्यानं त्यांना आपली नावं दिली. एक बसलेला ससा होता, एक विळा, एक पाठमोरी बाई. चौथ्या वर्षी त्याला त्यातला म सापडला, तेव्हा त्यानं चंपतरावांना हात धरून आणून दाखवला. चंपतरावांना त्यात म दिसला नाही, पण कवडूचं तोंड बघून त्यांनी हो म्हटलं.

घरी, गड्डीगोदाम मोहल्ल्यात, त्याची बायको रंभाबाई हे सगळं ऐकून होती. एकदा जेवायला वाढता वाढता ती म्हणाली, “त्या गोट्याले पाह्यता तसं मले पाह्यलं काय कधी?”

कवडूनं हातातला घास थांबवून तिच्याकडं खरोखरच पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, “तुह्या डाव्या भुवईवर व्रण आहे वं. हे कधी झालं?”

तो व्रण लग्नाच्या आधीपासूनचा होता. त्यानंतर दोन दिवस रंभाबाई त्याच्याशी मोजकंच बोलली.

असं अकरा वर्षं चाललं. १९३२ च्या हिवाळ्यात श्रीधरपंत जोगळेकर नावाचे पुण्याचे गृहस्थ आले. जुन्या लिप्यांचा त्यांचा अभ्यास मोठा. त्यांनी शिळेवर ओला कागद थापून, वर शाई लावून ठसा घेतला आणि तीन दिवस भिंग लावून तो वाचला. शिळा पुसायची नाही असा हुकूम होता, त्यामुळे कवडूचे ते तीन दिवस फार वाईट गेले. तो दाराशी उभा राहून नुसता बघायचा.

चौथ्या दिवशी सकाळी श्रीधरपंतांनी चंपतरावांना आनंदानं सांगितलं, की लेख लागला. सोममौळि नावाच्या राजानं विहीर खोदून ती गावाला दिली. लेखात राजा हा शब्द नव्हता, पण असं भारदस्त नाव राजाचंच असणार असं त्यांनी धरलं. या नावाचा राजा कोणाच्याच यादीत नव्हता, त्यांनाच प्रथम सापडला होता. त्याच संध्याकाळी गावात त्यांचं व्याख्यान होतं. त्यांनी नाव कुठं आहे तेही बोटानं दाखवलं. मा, आणि त्याच्या कान्यावर दोन मात्रा, म्हणून मौ.

कवडू पुढं आला. काम सोडून तो साहेबलोकांच्या बोलण्यात कधी पडत नसे.

“त्या मात्रा नाहीत जी,” तो म्हणाला. “ते चीर आहे.”

श्रीधरपंतांनी त्याच्याकडं, मग त्याच्या खांद्यावरच्या फडक्याकडं पाहिलं. रागावले नाहीत, पण ठसा पुढं धरला. त्यात अक्षरंही पांढरी होती आणि त्या दोन रेघाही तितक्याच पांढऱ्या. कवडूनं ठशाकडं लक्ष दिलं नाही. फडकं ओलं करून शिळेवरून फिरवू का, एवढंच विचारलं. अक्षराची खाच उघडी असते, ती लवकर वाळते. चीर आत गेलेली असते, ती पाणी धरून ठेवते. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. अकरा वर्षं रोज सकाळी समोर दिसत होतं.

मग तिघं शिळेपुढं बसले आणि दगड वाळताना बघू लागले. एक पुण्याचा विद्वान, एक कारकून आणि एक चपराशी, तिघंही एकाच दगडाकडं टक लावून. सहलीला आलेलं एक कुटुंब दारातून डोकावलं, यांना बघून दबक्या पावलांनी वाघाकडं गेलं. हळूहळू ससा वाळला, विळा वाळला, पाठमोरी बाई वाळली. सगळा लेख राखाडी झाला. तेवढ्या दोन रेघा मात्र काळ्याभोर राहिल्या, आणि खाली जाऊन एकमेकींना मिळालेल्याही दिसू लागल्या.

श्रीधरपंतांनी भिंग लावलं. मात्रा काढून टाकल्या की मौळि उरत नव्हतं. माळि उरत होतं. जुन्या लेखांत शब्द तोडून लिहीत नाहीत. राजा सोममौळि नव्हताच, सोम नावाचा माळी होता. त्यानं विहीर खोदली होती.

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि ठसा गुंडाळून ठेवला. हातातला राजा गेला होता. कवडूला त्यांची दया आली. तो त्यांच्याजवळ उकिडवा बसला.

“राजे लय आहेत जी इथं,” तो म्हणाला. “माळी एकबी नव्हता.”

श्रीधरपंत हसले, आणि मग त्यांना हसू आवरेना. संध्याकाळच्या व्याख्यानात त्यांनी राजाची गोष्ट आधी पूर्ण सांगितली, लोकांना माना डोलवू दिल्या, आणि नंतर ती कशी खोटी ठरली तेही सांगितलं. शेवटच्या रांगेत बसलेल्या कवडूला उभं राहायला लावलं. रंभाबाई शेजारी होती. लोक वळून बघू लागले तसा तिनं पदर नीट केला आणि नवऱ्याला कोपरानं ढोसून सरळ उभं राहायला सांगितलं.

या प्रसंगानं कवडूच्या मागं एक काम लागलं. आजूबाजूच्या गावांत बातमी पसरली, की अजब बंगल्यात दगड वाचणारा माणूस आहे. लोक गाडीत दगड घालून आणू लागले. कळमेश्वराकडचे दादाजी नावाचे म्हातारे एक लांबट दगड घेऊन आले. त्यावर बारीक खळग्यांच्या रांगा होत्या, आणि त्या पुरलेल्या धनाची खूण आहेत अशी त्यांची खात्री होती. कवडूनं तो घरी नेला, दोन दिवस उन्हात, सावलीत, ओला करून आणि कोरडा ठेवून पाहिला. तिसऱ्या दिवशी दादाजींना सांगितलं, की हा मसाला वाटायचा पाटा आहे आणि हे टाकीचे घाव आहेत. टाकी मारणारा मात्र डावखुरा होता, हे नक्की.

धन नाही म्हटल्यावर दादाजींना ते ओझं परत न्यायचा कंटाळा आला. पाटा गड्डीगोदामातच राहिला, आणि रंभाबाईनं त्याच दिवशी त्यावर जवसाची चटणी वाटली.