खोली नंबर एकोणीस

"खोली नंबर एकोणीस, नळाची गल्ली, डोंगरावर, विक्रोळी पश्चिम." हा पत्ता मावशी एका दमात म्हणायच्या. पत्ता त्यांचाच, पण मी तो त्यांच्या तोंडून ऐकला तो कायम दुसऱ्या कुणासाठी. आता मावशी ती खोली सोडून आपल्या मुलीकडे राहायला गेल्यात. नवा पत्ता विचारायचं मला धाडस झालं नाही.

मावशी आमच्या भागातल्या दवाखान्याच्या आरोग्यसेविका. मानधनावर, म्हणजे कधीही काढून टाकता येतील अशा. टीबीच्या गोळ्या वस्तीत पोचवणं हे त्यांचं काम. दवाखान्यात गोळ्यांसाठी कार्ड मागायचे, कार्डासाठी पत्ता आणि पत्त्यासाठी लाइट बिल. बांधकामाच्या साइटवर पत्र्याच्या शेडमध्ये राहणारा माणूस लाइट बिल आणणार कुठून? तो समोर उभा राहून खोकतोय आणि खिडकीतून उत्तर काय, तर गावी जाऊन घ्या गोळ्या.

अशा माणसाला, बाई असो की बाप्या, मावशी दंडाला धरून परत खिडकीशी न्यायच्या.

"लिही. माझ्याकडे राहते. बहीण आहे."

"मावशी, सोमवारचा बिहारी तुमचा भाऊ होता," खिडकीतला कारकून म्हणायचा.

"मग? मोठं खटलं आहे आमचं."

"दहा बाय बाराच्या खोलीत?"

"पाळीपाळीनं झोपतात. तू लिही ना."

तो मान हलवायचा आणि लिहायचा.

सुखमती ही अशीच एक बहीण. छत्तीसगडची, साइटवर विटा वाहणारी. तिचं काम सुरू व्हायच्या आधी मावशी शेडपाशी हजर, पदराखाली उकडलेलं अंडं. आधी गोळ्या, मग अंडं. "मेरे सामने निगल. जीभ दिखा." सुखमती लहान मुलीसारखी जीभ काढायची आणि दोघी हसायच्या. एवढं कशासाठी करता, असं मी एकदा विचारलं. "माझी आई साइटवरच गेली," त्या म्हणाल्या. "केसपेपरवर पत्त्याच्या जागी नुसती रेघ होती." मग पिशवी उचलून चालायला लागल्या.

मी तेव्हा एका संघटनेसाठी पत्रकं लिहायचे. आरोग्य हा हक्क आहे, उपकार नाही, वगैरे. मुलुंडला बाबांच्या फ्लॅटमध्ये बसून. मावशींनी एकदा सहज विचारलं, "एकीला तुझा पत्ता देतेस का गं? माझी खोली भरली."

मी त्यांना समजावलं की हा उपाय नव्हे. नियमच बदलला पाहिजे, अशा पळवाटांमुळे सरकार सुटतं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण बोलताना माझ्या डोळ्यांसमोर सरकार नव्हतं, आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होता.

"बरं, तू लिही," मावशी म्हणाल्या. "लिहायला पण कुणीतरी पाहिजे."

मी लिहिलं. 'पत्ता नाही म्हणून औषध नाही?' मधोमध चौकट, जाड टाइपात: विक्रोळीच्या डोंगरावरच्या एका आरोग्यसेविकेच्या खोलीचा पत्ता अकरा रुग्णांच्या कार्डांवर आहे, ही व्यवस्थेची लाज आहे. मावशींचं नाव घातलं नाही. नाव गाळलं की माणूस सुरक्षित, असं आम्ही समजायचो. पत्रकं मी स्वतः दवाखान्याच्या दारात वाटली, वरच्या साहेबाच्याही हातात एक दिलं. एकोणीस नंबर शोधायला त्याला एक दुपार पुरली. मावशींना काढलं. अकराच्या अकरा कार्डं 'पडताळणीसाठी' थांबली.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. त्या चष्मा लावून माझं पत्रक वाचत होत्या.

"चांगलं लिहिलंयस. सगळं खरं आहे." मग कागद उलटापालटा करून पाहिला. "यावर तुमचा पत्ता कुठंय गं?"

"फक्त फोन नंबर छापतो, मावशी. ऑफिसच्या जागामालकाला त्रास नको म्हणून."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग म्हणाल्या, "बाकीच्यांचं बघते मी. सुखमतीला तेवढं तुझ्या पत्त्यावर घे. निम्म्या गोळ्या झाल्यात तिच्या. मधेच तुटलं तर सगळं वाया जाईल."

मी म्हटलं, बाबांना विचारून सांगते.

विचारायला मी दोन दिवस लावले. बाबा पेपर वाचत होते. "दे की," ते म्हणाले, "यात विचारायचं काय?" आणि लाइट बिल स्वतः उठून काढून दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते बिल घेऊन मी साइटवर गेले. गेटमधून मावशी बाहेर येत होत्या. काढून टाकलं होतं, तरी आल्या होत्या.

"गेली," त्या म्हणाल्या. "मुकादमानं काल नवराबायकोला गावी धाडलं. खोकणारी माणसं नकोत म्हणाला."

मी बिल पुढे केलं. का केलं, माहीत नाही. मावशींनी ते पाहिलं, घडी मोडू न देता माझ्या पर्समध्ये परत सारलं आणि पदराखालून अंडं काढून माझ्या हातावर ठेवलं.

"खा. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही तू."

अंडं अजून कोमट होतं. मी ते त्यांच्यासमोर उभं राहून खाल्लं.