सासऱ्यांची भरमार

या सदरातले अनुभव मी आजवर हसत हसत वाचले. माझं सायकलदुरुस्तीचं दुकान. नटबोल्टापलीकडच्या गोष्टींना मी कधी हात जोडले नाहीत. पण ही एक गोष्ट सांगूनच टाकतो... पन्नासच्या दशकातली, आमचा जिल्हा तेव्हा नुसता चांदा होता.

सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यात माझी सासुरवाडी. सासरे दौलतराव वारले होते आणि सासूबाई एकट्याच धान करायच्या. त्या साली रानडुकरांनी त्यांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धुमाकूळ घातला. धान गेलं असतं तर त्यांना घराला कुलूप लावून आमच्याकडे यावं लागलं असतं. त्यांना ते अजिबात नको होतं. खरं सांगू? आमच्या दोन खोल्यांत मलाही नको होतं.

पिकाच्या राखणीचा परवाना त्यांच्या नावावर झाला होता, आणि भिंतीवर सासऱ्यांची ठासणीची भरमार बंदूक टांगलेली होती.

"जवाईबापू, तिले चालू करून द्या," सासूबाई म्हणाल्या. "तुमाले लोखंडातलं समजते."

खाली उतरवली आणि मी कपाळाला हात लावला. दर दसऱ्याला तिला दूध-पाण्याची आंघोळ आणि वर शेंदूर! पुसून कोरडी करायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. शेंदूर खरवडला की गंज, गंजाखाली पुन्हा शेंदूर. नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. आत जुना बार नाही ना, हे गज घालून आधी पाहिलं. मग रॉकेल, राख, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, आणि शेवटी मोहाच्या बियांचं तेल. चाप ओढला की टोपीवर आपटणारा घोडा नव्या सायकलच्या ब्रेकसारखा चालायला लागला. मी खूश!

दिवस बुडताना मी, सासूबाई आणि चैतूभाऊ मचाणावर बसलो. चैतूभाऊ म्हणजे शेजारचे गोंड शेतकरी, सासऱ्यांचे शिकारीतले जोडीदार. दारू ठासली, गोळी घातली, घोड्याखाली ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवली. डुकरं आली. चाप ओढला — खट्. टोपी फुटलीच नाही. दुसरी बसवली — खट्. तिसरीही तशीच. डुकरं निवांत धान चघळत होती. वैतागून मी टोपी काढून मुठीत घेतली, घोडा खाली केला आणि बंदूक कठड्यावर ठेवून दिली.

चैतूभाऊ शांतपणे म्हणाले, "बाई, नाव घ्या. तुमी नाव घेतल्याबिगर दौलतभाऊ कधी खाटेवरून उठला का? त्याचीच बंदूक होय हे."

सासऱ्यांचा तो जुना हट्ट. बायकोनं उखाण्यात नाव घेतल्याशिवाय सकाळी उठायचंच नाही. ते गेल्यापासून सासूबाईंच्या तोंडून ते नाव कुणी ऐकलं नव्हतं.

"काहीतरीच काय, चैतूभाऊ..." मी म्हणालो. पण सासूबाई बंदुकीकडे बघत होत्या. त्यांनी पदर सावरला —

"पिकल्या धानावर डुकराची नजर,
उठा दौलतराव, जवाई हाये हजर."

धडाम!

बंदुकीला कुणाचा हात नाही, घोडा खालीच, टोपी माझ्या मुठीत... आणि धुरानं आम्ही तिघंही काळे. डुकरं जंगलात पळाली. गोळी समोरच्या मोहाच्या शेंड्यात घुसली होती. सासूबाई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

"नेमही त्यायचाच हाये," त्या म्हणाल्या. "जन्मभर येक ससा मारला नाई त्यायनं."

कुठे ठिणगी राहिली असेल म्हणावं, तर टोपी एकही फुटली नव्हती. बायकोला माझं नाव घ्यायला लावून पाहिलं. बंदूक ढिम्म, बायको मात्र महिनाभर चिडवत होती. सगळे भाग सुटे करून जोडले, दोष सापडला नाही. आजही सापडलेला नाही.

सासूबाई शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या. धान पिकलं की नवा उखाणा जुळवून मचाणावर जायच्या. पुढे एका साली डुकरं फिरकलीच नाहीत. सगळं गाव खुशीत, आणि सासूबाई तोंड पाडून ओट्यावर बसलेल्या.

"काऊन, काय झालं?" मी विचारलं.

"डुकरंच नाई आले, जवाईबापू," त्या म्हणाल्या. "आता कोनत्या निमतानं नाव घेऊ?"