गुळाच्या काट्यावरची पोरं

राजारामपुरीच्या वरच्या एका गल्लीत शहाण्णवच्या सुमाराला एक बातमी पक्की झाली होती, की केरबा तोलाईदार मेसच्या पोरांना किलोवर जेवायला घालतो. पोरगं आलं की आधी काट्यावर, जेवून उठलं की पुन्हा काट्यावर, आणि मधे जो फरक पडेल त्याचे पैसे. समोरच्या चिमणाबाईंनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे काटा पाहिला होता आणि त्यावर चढलेलं एक पोरगं पाहिलं होतं. उरलेलं त्यांनी घरी जाऊन निवांतपणे जुळवलं. पोरं तांब्याभर पाणी प्याली तर त्याचाही भाव लागतो का, यावर नळावर दोन दिवस चर्चा झाली.

केरबाची बायको धोंडुबाई हिच्या कानावर ही गोष्ट आली तेव्हा ती पीठ मळत होती. ती एवढंच म्हणाली, "किलोवर घालत असते तर आजवर माडी चढली असती घरावर."

खरी गोष्ट अशी, की मेस धोंडुबाईची होती, महिन्याचे पैसे ठरलेले होते आणि भाकरी कुणी मोजत नव्हतं. केरबाचा फक्त काटा होता. त्यावर पोरं महिन्यातून एकदाच चढायची, एक तारखेला, जेवायच्या आधी.

केरबानं बत्तीस वर्षं मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, तोलले. शेतकरी त्याला आडत्याचा माणूस म्हणायचे आणि आडते शेतकऱ्याचा, यावरून त्याचा काटा सरळ असावा असं धरायला हरकत नाही. कामावरून उतरला त्या दिवशी मालकानं त्याला नारळ दिला, टॉवेल-टोपी दिली आणि वर दुकानातला जुना काटा दिला. दुकानात नवा आला होता, आणि जुना भंगारात न्यायला टेम्पोचं भाडं पडत होतं. भाषणात मात्र 'आठवण म्हणून' असं आलं.

काटा घराच्या पुढच्या सोप्यात येऊन बसला आणि केरबाच्या हाताला काम राहिलं नाही. पंधरा दिवसांत त्यानं घरातलं तोलण्यासारखं सगळं तोललं. गॅसची टाकी तोलली आणि टाकीवाल्याशी भांडण ओढवून घेतलं. गिरणीतून आलेलं दळण तोललं. चिमणाबाईंचा नातू तोलला, आणि "कापडं उतरवली तर किलोभर कमी भरंल" असं सांगून त्या बाईला जन्माची दुखावली. मग काटा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत सरकला तेव्हा धोंडुबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आवं, माज्या चुलीपाशी ह्ये आणू नगा. भाकरी तोलून वाढायची येळ आली तर मेस बंद करीन मी."

"भाकरी न्हाय तोलत. भाकरी खाणारी तोलू का?"

"तोला की. त्यास्नी चालत आसंल तर मला काय."

पोरांना चालत होतं. गावाकडनं आलेली, कॉलेजात नि विद्यापीठात शिकणारी पंधरा-सोळा पोरं. त्यांना एक तारखेची ती करमणूकच झाली. चपला काढायच्या, खिसे रिकामे करायचे, श्वास सोडायचा. केरबा लोखंडी पट्टीवरचं वजन बोटानं सरकवायचा, काट्याची जीभ थरथरून थांबेपर्यंत कुणाला बोलू द्यायचा नाही, आणि मग भिंतीवर नावापुढं खडूनं आकडा लिहायचा. धोंडुबाईला वाटलं, म्हातारा खेळतोय, खेळू दे.

तिचं मत एका पावसाळ्यात बदललं. विश्वजित नावाचा एक दणकट पोरगा महिन्यात चार किलो उतरला. केरबानं त्याला त्याच दिवशी धरून दवाखान्यात नेलं, तर कावीळ निघाली, आणि वेळेवर निघाली. गंमत म्हणजे याच विश्वजितची पंधरा दिवसांपूर्वी कॉलेजात आरोग्य तपासणी झाली होती. हॉलमध्ये रांग लागली होती. डॉक्टरांनी विचारलं, वजन किती. पोरानं सांगितलं ते त्यांनी लिहिलं. काही तक्रार? नाही. पुढचा. तासाभरात सव्वाशे पोरं निरोगी झाली होती.

त्यानंतर काट्यावर धोंडुबाई रोज फडकं मारू लागली.

त्याच वर्षी बुद्धभूषण आला. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावातल्या बौद्ध वस्तीतला, रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा, बोलायला कमी. त्याचे वडील भाऊसो गुऱ्हाळावर गुळव्या होते. रस किती कढवायचा आणि काहील कधी उतरवायची हे ठरवणारा माणूस तो गुळव्या. केरबाला तर सोयरा भेटल्यागत झालं.

"तुज्या बापाचा रवा तोललाय मी. कोरडा ठाक. पाणी न्हाय त्यात."

"बाबा पाणी ठेवतच नाहीत," पोरगं म्हणालं आणि बावन्न किलो भरलं.

दिवाळी झाल्यावर त्यानं धोंडुबाईला सांगितलं, "मावशी, दुपारचं ताट बंद करतो. प्रॅक्टिकल असतात. मित्रांबरोबर कँटीनला जेवतो."

धोंडुबाईनं मान हलवली, पण कँटीनला जेवणारं पोरगं रात्री आमटी अशी पुसून खात नाही, हे तिला तेव्हाच खटकलं. त्या वर्षीची शिष्यवृत्ती आलेली नव्हती. नोटीस बोर्डावर 'लवकरच' असा कागद होता; ऑगस्टात लावलेला, आता कडेनं पिवळा पडत चाललेला. पण एक तारखेला ती सोप्यात डोकावली तर भिंतीवर बावन्न. जानेवारीत बावन्न. तिनं स्वतःलाच संशयी ठरवलं.

फेब्रुवारीच्या एक तारखेला पुन्हा बावन्न आलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. केरबानं खडू उचललाच नाही.

"किती?" धोंडुबाईनं आतून विचारलं.

"बावन्न."

"मग बरं हाय की."

"बरं कसलं? ह्यो इश्वजित बघ, एक लगीन जेवून आला की दीड किलो वाढतोय. गूळसुदिक उन्हाळ्यात घटतोय. आन् ह्ये पोरगं चार म्हयनं पावशेर हलत न्हाय." मग तो बुद्धभूषणला म्हणाला, "बस रं त्या बाकावर. बोलत बसू जरा."

धोंडुबाई हातातलं पीठ तसंच घेऊन दारात आली. नवरा असा गोड बोलायला लागला की काहीतरी शिजतंय, हे तिला तीस वर्षांचं माहीत. यार्डात ओला रवा आला की केरबा भांडत बसायचा नाही. बाजूला लावायचा, निथळू द्यायचा, आणि मग तोलायचा. आता त्यानं गुऱ्हाळाच्या गप्पा काढल्या. चुलवाण कसं, चिपाडं कुठली, यंदा उताऱ्याला काय पडतंय. पोरगं आधी बरं बोलत होतं. मग एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेऊ लागलं. बाकीची पोरं जेवून उठली तरी केरबा रसातली मळी काढण्यापर्यंतच पोचला होता.

"काका, जरा जाऊन येतो."

"जा की. येऊन चढ परत."

पोरगं मोरीकडं जाऊन आलं आणि मान खाली घालून काट्यावर चढलं. पन्नास आणि पाव.

"किती तांबे प्यालतास?"

"दोन."

"आन् ती आतली पँट? खालनं दोन काठ दिसाल्यात मला मगाधरनं."

पोरगं आत जाऊन एक पँट हातात घेऊन आलं. साडेएकोणपन्नास.

केरबाला पकडल्याचा जो आनंद झाला होता तो तोंडावरून उतरायला थोडा वेळ लागला. धोंडुबाई मधे पडली.

"दुपारी काय खातोस रं?"

"चहा-बिस्कीट."

"आन् काय?"

"चहा."

"मला सांगायला तोंड न्हवतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वाढलं असतं."

"मग?"

"म्हणून नाही सांगितलं, मावशी." तो पुढं म्हणाला, "घरी कळवू नका. बाबा गुऱ्हाळ सोडून मला न्यायला येतील. एप्रिलात परीक्षा आहे. एवढी झाली की झालं."

धोंडुबाईनं मनात दिवस मोजले. परीक्षा अडीच महिने लांब होती, आणि पोराच्या मनगटाची हाडं तिला उंबऱ्यावरूनच दिसत होती. हे पोरगं परीक्षेला बसतंय की त्याआधी खाटेला खिळतंय, एवढाच प्रश्न होता.

सोमवारी केरबा टोपी घालून पोराबरोबर कॉलेजात गेला. तिथं गरजू विद्यार्थ्यांना जेवणाची कुपनं देणारी एक समिती आहे, असं त्याला कळलं होतं. समिती होती. तिचा फॉर्म होता. फॉर्मला उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि विद्यार्थी खरोखर गरजू असल्याची राजपत्रित अधिकाऱ्याची शिफारस लागत होती. म्हणजे पोरानं आधी दोनदा तालुक्याला एसटीनं जायचं, मग त्याला ओळखणारा साहेब शोधायचा. ज्याची साहेबांशी ओळख आहे, तो गरजू कसा, हे समितीला कुणी विचारलेलं नव्हतं.

केरबानं भिंतीवरचे आकडे कागदावर उतरवून नेले होते. "ह्ये बघा सायेब. आडीच किलो तूट हाय."

टेबलामागचा कारकून भला माणूस होता. त्यानं कागद नीट वाचला. "काका, वजनाचा रकाना नाही हो यात."

"मग पाडा की एक."

"छापील आहे."

"बरं. कुपनं कवा मिळतील?"

"मार्चअखेर बैठक आहे. एप्रिल संपता संपता मिळतील."

"एप्रिलात परीक्षा हाय त्याची."

"मग परीक्षा झाल्यावर शांतपणे जेवता येईल," कारकून म्हणाला, आणि त्यात त्याची काही चेष्टा नव्हती.

घरी येऊन केरबानं हे सगळं धोंडुबाईला सांगितलं आणि पोराला म्हणाला, "उद्यापास्नं दुपारी हितं जेवायचं."

"फुकट नाही जेवणार, काका."

"मग पैसं आल्यावर दे."

"आले नाहीत तर? तुम्ही जास्त बोललात तर मी दुसरी मेस बघतो."

धोंडुबाईला कळलं की आता ओढून धरलं तर रात्रीचं ताटही जाईल. ती पुन्हा पिठाकडं वळली. केरबा मात्र बत्तीस वर्षं हट्टी लोकांच्यात मुरलेला.

"ऱ्हायलं. तू दुपारचा जेवत न्हाईस तर मीबी न्हाय."

पोरगं हसलं. "मग तुमचंही वजन लिहून ठेवू या."

केरबा चढला. चौसष्ट. पोरानं स्वतःच्या हातानं खडूनं लिहिलं, खाली तारीख टाकली.

दुसऱ्या दिवसापासून बारा वाजले की केरबा उठायचा, टोपी घालायचा आणि "म्होरं भाकरी बघवत न्हाय" म्हणून बाहेर पडायचा. चिमणाबाईंनी पहिल्या दिवशी त्याला साखरेचा आजार लावला, दुसऱ्या दिवशी जोतिबाचा नवस, तिसऱ्या दिवशी नवरा-बायकोत अबोला. धोंडुबाईला या तिन्हींपेक्षा दुसरीच काळजी होती. साठीतला माणूस, पोराच्या नादानं चक्कर येऊन पडला तर गल्लीला काय सांगायचं. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम भरलं वांगं केलं आणि वास गल्लीभर सोडला. केरबानं टोपी घातली. रात्री मात्र तीन भाकरी खाणारा माणूस दीडवर उठला. भूक मेली की काय याची, म्हणून ती घाबरली. तिसऱ्या रात्रीही तो दीडवरच उठला, वर ढेकर दिली, तेव्हा ती घाबरायची थांबली आणि विचार करू लागली.

बुद्धभूषण पहिल्या रात्री नेहमीसारखा आमटी पुसून जेवला. दुसऱ्या रात्री त्यानं हळूच विचारलं, "काका जेवले का हो दुपारी?" तिसऱ्या रात्री त्यानं भिंतीकडं पाहिलं आणि स्वतःची भाकरी अर्धी ठेवली.

चौथ्या दिवशी भर बाराला तो आला. पिशवी बाकावर ठेवली, पाटावर बसला.

"मावशी, वाढा. शिष्यवृत्ती आली की तुम्ही पैसे घ्यायचे, हे आधी कबूल करा."

"केलं कबूल. बस."

"आणि काकांना हाक मारा. ते यायच्या आत मी घास घेणार नाही."

काका गल्लीत नव्हते. ते एक वाजून गेल्यावर आले, पोराला पाटावर बघून दारातच थबकले, आणि टोपी काढून शेजारी बसले. पोरानं चार भाकरी खाल्ल्या. केरबानं एक भाकरी घेतली आणि तिचे तुकडे आमटीत बराच वेळ फिरवत बसला. धोंडुबाईनं दुसरी वाढायला हात पुढं केला तर त्यानं ताटावर पंजा धरला. पोरगं त्याच्याकडं बघत होतं. उपासानं आतडं आकसलं असेल, असं त्याला वाटलं असावं. हात धुऊन तो अभ्यासाला गेला.

तो कोपऱ्यावरून वळल्याची खात्री झाल्यावर धोंडुबाई म्हणाली, "चढा काट्यावर."

"आता कशाला? जेवलं की पोरगं."

"चढा म्हन्ते न्हवं."

केरबा चढला. धोंडुबाईला काटा वाचता येत होता, हे त्याला त्या दिवशी कळलं. पट्टीवरचं वजन तिनंच सरकवलं आणि जीभ थांबेपर्यंत वाट पाहिली. सहासष्ट. भिंतीवर पोराच्या अक्षरात चौसष्ट होतं.

"चार दिस उपाशी माणूस दोन किलो चढला," ती म्हणाली. "काटा बिघडला म्हनायचा का?"

केरबा काट्यावरून उतरला आणि पायात चपला घालत म्हणाला, "काट्याला नाव ठेवू नगंस. काटा खरा हाय. ष्टँडावर रुपयात झुणका-भाकर मिळतीया, रोज दोन येळा रांगंत हुबा ऱ्हात हुतो. त्या पोराला मातूर बोलू नगंस, परीक्षा हुईस्तवर."