फटफटीवरचं ओझं

आमचे ओव्हरसियर कुठलीही वस्तू तळहातावर घेत, डोळे मिटून एकदा हलकेच झेलत आणि तिचा निकाल लावत. म्हणून गोंदियाच्या कचेरीत त्यांना सगळे तराजूसाहेब म्हणत. मी त्यांचा बाबू. इंग्रजांचं राज्य संपायला अजून चार-पाच वर्षं होती. तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, तपासायला त्यांची फटफटी चार-चार दिवस देवरीच्या जंगलात हिंडे आणि मागच्या सीटवर मापाची टेप घेऊन मी बसे.

निघण्याआधी अंगणात पोतं अंथरून ते सामान मांडत. पान्हे, पंप, पंक्चरची ठिगळं, साखळीच्या कड्या, पेट्रोलचा डबा. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न, "गेल्या खेपेले लागली होती का?" लागली नसेल तर ती घरी. नाल्याच्या रेतीत जड गाडी रुतते, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण म्हणून माणसानं स्वतःची गोधडी मधोमध फाडून अर्धीच घ्यावी? बाईसाहेबांनी लसणाच्या चटणीची पुरचुंडी आणली की ते ती तिथल्या तिथे परत करत. "जेवण गावात भेटते, पान्हा भेटत नाई." बाईसाहेब ती घेऊन आत जात. मला त्या घडीला साहेबांचा संताप येई. आणि तरी दाट झाडीत गाडी बंद पडली की न बघता पिशवीत हात घालून नेमका हवा तो पान्हा काढणारा हा माणूस मला फार आवडे.

एका खेपेला कुनैनच्या गोळ्या बाद झाल्या. आधीच्या खेपेला कुणाला ताप आला नव्हता ना! मी चार गोळ्या गुपचूप बंडीच्या खिशात टाकल्या. दुसऱ्याच दिवशी साहेब हिवतापानं कुडकुडायला लागले. मी गोळ्या दिल्या. उठून बसल्याबरोबर ते माझ्यावरच डाफरले, "मले न विचारता काऊन आणल्या?"

"साहेब, जीव वाचला तुमचा."

"आज गोळ्या लपवल्या, उद्या लोटा लपवशीन."

पुढच्या खेपेला पोत्यावर कुनैनची बाटली मानानं उभी होती. मी टेप घेऊन पुढे झालो, तर त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तू राहू दे, बाबू. तुया जागी पेट्रोलचे दोन डबे येते."

"एकट्यानं जाऊ नका, साहेब. गाडी अंगावर पडली तर उचलणार कोण?"

"गेल्या खेपेले पडली होती का?"

पडली नव्हती.

सहाव्या दिवशीही ते परतले नाहीत, तेव्हा मी देवरीला गेलो आणि तिथल्या कोतवालाला घेऊन शोधायला निघालो. साहेब एका नाल्याच्या उतारावर सापडले. फटफटी मांडीवर उलटलेली आणि प्राण केव्हाच गेलेला. हाताशी पान्ह्यांची गुंडाळी उलगडलेली होती. पाय सुटावा म्हणून या माणसानं पडल्या पडल्या गाडी खोलायला घेतली होती. पेट्रोलचे डबे, दिवा, सीट, मडगार्ड, हात पोचला तेवढं सगळं काढून रेतीवर ओळीनं मांडलं होतं, अंगणात मांडत तसंच. कुनैनची बाटली पिशवीत न उघडता पडून होती.

मला रडू आवरेना. तसाच वाकून मी गाडीला हात घातला. कोतवाल मदतीला पुढे येईपर्यंत ती माझ्या एकट्याच्या हातांनी वर आली.