मेजाची रिकामी जागा

निपाणीच्या तहसील कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानालगत बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. माझी शाळा नववीत सुटली. तरीही मसुदा कसा बांधावा हे मला शिकवील असा पदवीधर अद्याप मला भेटलेला नाही. हे बढाईने सांगत नाही. पुढील हकिकत नीट समजावी म्हणून प्रथम नमूद करतो.

आमचे चर्च लहान आणि कौलारू आहे. आत पाऊल टाकले की नजर सरळ समोरच्या मेजावर जावी, अशीच त्याची बांधणी. या मेजावर भाकर आणि प्याला ठेवून प्रभुभोजन होत असे. मेज सागवानी, साधे, जुन्या काळी मंडळीतल्याच एका सुताराने केलेले. त्यावर कुणाचेही नाव नव्हते.

बाकी सर्वत्र नावे होती. आमच्याकडे रीत अशी की, घरातले माणूस प्रभूत निजले म्हणजे वर्षाच्या आत चर्चला एखादी वस्तू द्यावी आणि तिच्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’ असे घालावे. त्यामुळे घड्याळावर नाव आहे, बाकांच्या पाठींवर आहे, पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर आहे. पंख्यांच्या पात्यांवरही आहे. वीज गेली म्हणजे ते वाचता येते. हे बहुतेक मजकूर मीच करून दिलेले आहेत आणि त्यांत आजवर कुणाला दोष काढता आलेला नाही.

आमचे वृद्ध खजिनदार वारले तेव्हा त्यांच्या मुलांनी काळ्या ग्रॅनाईटचे नवे मेज आणले. दर्शनी बाजूस वडिलांचे नाव सोनेरी अक्षरांत, आणि त्याखाली लहानसा क्रूस. जुन्या सुताराचा नातू आता मंडळीच्या पंचांत आहे. तो उभा राहून म्हणाला, “नाव घालून मेज बसवायचं असंल, तर आमच्या आज्ज्याचं नाव जुन्या मेजावर घाला. पैल्यांदा त्याचा हक्क.” त्यावर खजिनदारांचा थोरला म्हणाला, “आज्ज्यानं मजुरी घेतली हुती का न्हाई, त्ये आदी सांग.” त्या रविवारी उपासना आशीर्वादावाचूनच संपली.

पाळकसाहेबांनी एकदा मध्येच साधा बाक ठेवून भोजन देण्याचा प्रयत्न केला. सुताराच्या बाजूचे लोक उठून गेले; पुढल्या वेळी खजिनदारांच्या बाजूचे. अखेर वरिष्ठ मंडळाचे साहेब बेळगावहून आले. निर्णय होईपर्यंत ‘जैसे थे’ ठेवावे, म्हणजे दोन्ही मेजे बाहेर काढून जागा मोकळी ठेवावी आणि समेट होईतो प्रभुभोजन बंद असावे, असे ठरले. ‘जैसे थे’ची ही सूचना माझी होती. कायद्याच्या दृष्टीने ती निर्दोष होती, असे माझे आजही मत आहे. नवे मेज व्हरांड्यात पोत्यांत गुंडाळलेले राहिले आणि जुने पाळकांच्या खोलीत भिंतीला टेकून. समोर फरशीवर तेवढा एक चौकोन गर्द रंगाचा दिसू लागला.

माझी आक्का माझ्याहून बरीच मोठी. तिने उभी हयात तंबाखूच्या वखारीत काढली. छाती त्यातच गेली. चर्चमध्ये आली की पुढे जाऊन मान लववायची आणि मग मागे येऊन बसायचे, हा तिचा नेम. मेज गेल्यावरही तिने तो मोडला नाही. मी एकदा हळूच म्हणालो, “आक्का, मेज काढलंय तितलं.”

“ठावं हाय. डोळं गेल्यात व्हय माझं?”

“मग वाकतीस कुणाला?”

“मेजाला कवा वाकत हुतो रं मी?”

पावसाळ्यानंतर तिने अंथरूण धरले. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितले. तिला सांगण्याची गरज नव्हती, ते तिला आधीच कळले होते. तिचे मागणे एकच होते. डोळे मिटण्याअगोदर प्रभुभोजन घ्यायचे. पाळकसाहेब घरी येऊन देण्यास तयार होते. वरिष्ठांची आज्ञा मोडल्याचा ठपका सोसण्याचीही त्यांची तयारी होती. तिने नको म्हटले. तिची लेक बेळगावात, खासबागेत राहते. ती न्यायला आली. तिथल्या मंडळीत दर महिन्याला भोजन होते, गाडी करून नेऊ, असे तिने विनवले.

“खासबागंची माणसं लई चांगली,” आक्का म्हणाली. “त्यास्नी मी कदी शिव्या दिल्या न्हाईत. ज्यास्नी दिल्यात, त्यांच्या मांडीला मांडी लावून घ्यायचं हाय मला. एका भाकरीतनं.”

तेव्हा मी तिच्या वतीने बेळगावच्या वरिष्ठ मंडळाकडे अर्ज करण्याचे ठरवले. तो अर्ज माझ्या आयुष्यातील उत्तम अर्जांपैकी एक होता. अर्जदार कोण, तिचे वय व प्रकृती, सामनेवाले पक्ष क्रमांक एक व दोन, मंडळीच्या घटनेतील कलमे, मेजाच्या मालकीचा पूर्वेतिहास, आणि शेवटी अर्जदाराच्या हयातीत एकवार प्रभुभोजन खुले करण्याची नम्र विनंती. मी तिच्या उशाशी बसून तो संपूर्ण वाचून दाखवला.

“झ्याक लिवलंयस,” ती म्हणाली. “वकिलागत.” मग बराच वेळ खोकली. पाणी प्यायली. “पर ह्यात येशू कुठं आला न्हाई.”

“अर्जात तसं घालत न्हाईत, आक्का. अर्जदार असतो, सामनेवाला असतो, विषय असतो, विनंती असते.”

“मग त्यो ह्यातला कोन?”

मी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. “ह्यातला कोणीच न्हाई,” मी म्हणालो.

“हां,” ती म्हणाली आणि कुशीवर वळली. “तसंच झालंय बग आपलं.”

दुसऱ्या दिवशी मी बेळगावची बस धरली. मसुदा मांडीवर घेऊन ते नाव त्यात कुठे बसवता येईल, हे पाहत होतो. विषयात घातले असते तर विषय बदलला असता. पक्षांत घालावे तर कोणत्या बाजूने, हा प्रश्न होता. दोन्ही बाजू ‘आमच्याच’ असे म्हणाल्या असत्या. विनंती तर वरिष्ठ मंडळाला होती. काकती गेली, बेळगावची घरे दिसू लागली, तरी जागा सापडली नाही. आहे तसाच अर्ज मी कार्यालयात दिला. कारकुनाने पोच दिली आणि पुढील बैठकीत ठेवू म्हणाला.

बैठक लांबली. दर रविवारी उपासनेनंतर मी थेट आक्काच्या घरी जाई. ती विचारी, “मेज आलं?” मी नाही म्हणे. पुढे पुढे तिने विचारणे सोडले. नुसती माझ्या तोंडाकडे पाही. एका सकाळी भाची तिला पेज पाजत होती, आणि पेज ओठांवरून परत आली.

अंत्यविधीस दोन्ही बाजूंची माणसे आली. पेटी कुठे ठेवायची, हे कुणी बोलले नाही. समोर मोकळी जागा होती. खजिनदारांच्या थोरल्याने एका अंगाला हात घातला, सुताराच्या नातवाने दुसऱ्या, आणि त्या गर्द चौकोनावर दोन स्टुलांवर पेटी टेकवली. पाळकसाहेब तिच्यामागे उभे राहून बोलले. कित्येक महिन्यांनी त्या जागी काहीतरी होते आणि दोन्हीकडचे लोक एकाच ठिकाणी पाहत होते. मला मात्र तिथे पाहवले नाही. ती जागा तिची नव्हती, आणि तिनेही ती कधी मागितली नसती.

नंतर बेळगावहून उत्तर आले. अर्जदार मयत झाल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे, एवढेच त्यात होते. मसुद्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते.

तिला जाऊन फार दिवस झाले नसतील, तोच पाळकसाहेब, खजिनदारांचा थोरला आणि सुताराचा नातू असे तिघे मिळून कचेरीसमोर माझ्याकडे आले. मी त्यांना चहा सांगितला. थोरला म्हणाला, “अण्णा, आमचं जमलंय. दोनी मेजं बाजूला ऱ्हाऊ देत. त्या जाग्यावर खाली आक्कांच्या नावाचा दगड बसवू, वर तिसरं एक साधं मेज ठेवू. आक्का दोनी पार्टींची हुती.”

“कुणाची हरकत न्हाई,” नातू म्हणाला. “दगडावरचा मजकूर तेवडा तुमी करून द्या. तुमच्यासारकं कोण लिवतंय?”

कागद समोर होता, पेनाचे टोपण काढलेले होते. माझ्या बहिणीच्या नावाने भांडण मिटत होते आणि भोजन पुन्हा सुरू होणार होते. हे मला कळत नव्हते असे नाही. मी म्हणालो, “दगड नको. मेज ठेवा. नुसतं.”

“नावाशिवाय कसं हुईल, अण्णा?” थोरला म्हणाला. “मग लोक म्हणतील, जुन्या मेजवाल्यांचंच खरं झालं.”

“न्हाईतर आमच्या आज्ज्याचा हक्क आमी सोडला म्हणतील,” नातू म्हणाला.

“म्हणू देत,” मी म्हणालो. “तितं आमच्या आक्काचं नाव मी लिहिणार न्हाई.”

पाळकसाहेब खाली पाहत होते. थोरल्याने चहा अर्धा ठेवला. जाताना तो नातवाला म्हणाला, “बहिणीची एवढीबी माया न्हाई माणसाला,” आणि नातवाने मान हलवली. समेट मोडला, तरी या एका बाबतीत दोघांचे एकमत राहिले.

जागा अजून रिकामीच आहे. समेट मोडण्याचे कारण म्हणून आता माझे नाव घेतले जाते. रविवारी आत गेल्यावर मी पुढे जाऊन मान लववतो. माझ्या आधी दोघी-चौघी म्हाताऱ्या तेच करून गेलेल्या असतात. त्या प्रभूपुढे वाकतात की माझ्या बहिणीची पेटी होती त्या जागी, हे मला माहीत नाही. विचारावे असे अनेकदा वाटते. पण त्या काय सांगतील, या भीतीने मी मागे येऊन बसतो.