घरचा शिपाई

अंबाजी पोलिसात भरती झाला तेव्हा आमच्या बंदरावरची चौकी म्हणजे एक कौलारू खोली, तीन शिपाई आणि एक हवालदार. आसपासची खारगावं तिच्या हद्दीत. चोऱ्या फारशा नसत. दारूची भट्टी, बांधावरून फुटलेली डोकी, उधाणात वाहून आलेलं एखादं प्रेत, एवढंच काम. खरी धांदल उडे ती फौजदार मुक्कामाला आले की. तांदूळ, मासळी, कोंबड्या सगळं गावानं पुरवायचं, तेही फुकट. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते कुणाला मोडताही येत नव्हतं.

अंबाजी मिठागरावरच्या घरातला, गावातला पहिला शिपाई. पितळी बिल्ला लावून तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा आई मनुबाईनं त्याची दृष्ट काढली होती.

१९२८ साली भातकापणीनंतर फौजदारांचा मुक्काम नेमका त्याच्याच गावी पडला. हवालदार म्हणाला, "गाव तुझं. कोंबडे कुठे मिळतील ते तुलाच ठाऊक."

अंबाजी आळीच्या तोंडाशी थांबला. कुठल्याही दारात गेलं तरी शिव्या ठरलेल्या. धाकटी बहीण जनी त्याच गावात दिलेली होती. तिच्याकडून घेतले तर बोभाटा होणार नाही, घरातल्या घरात राहील, असं त्याला वाटलं.

"बस दादूस, पेज घे," जनी म्हणाली.

"बसायला न्हाय आलो. फौजदारांसाठी दोन कोंबडे दे."

जनीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "आख्ख्या गावात माझंच खुराडं गावलं तुला?"

"तुझं ते माझं न्हाय का?"

"मग तुझं दे," ती म्हणाली. तरी तिनं कोंबडे धरले, त्यांचे पाय बांधले आणि त्याच्या हातात दिले.

काम गाजावाजा न होता झालं, याचा अंबाजीला त्या दिवशी थोडा अभिमानच वाटला. पण बांध जिथे खचतो तिथूनच उधाण आत शिरतं. पुढे अंबाजी सोबत नसला तरी शिपाई थेट जनीच्या ओटीवर येऊन बसू लागले. "अंबाजीची बहीण ना? मग हे घरचंच." बसले की कोंबडी आली, चहा आला. दारूची भट्टी पकडली गेली की गाव जनीच्या ओटीकडे बघे. विहिरीवर ती आली की बायका गप्प होत.

जनी भावाला सांगे, "त्यांना आवर." तो म्हणे, "सांगतो, सांगतो." हवालदाराकडे फक्त एक शब्द टाकायचा होता. पण त्याच्या बढतीची शिफारस हवालदाराच्या हातात होती. तो शब्द अंबाजीच्या तोंडातून निघाला नाही.

मग मिठाच्या सत्याग्रहाचं वर्ष आलं आणि शिपायाशी नातं सांगणंही जड झालं. पुढच्या वैशाखात जनीच्या मुलीचं, ठमीचं लग्न खाडीपलीकडे काळूरामच्या मुलाशी ठरलं. काळूराम जनीला म्हणाला, "पोर चांगली हाय. पण शिपाई मामा म्हणून मांडवात उभा राहिला, तर माझी माणसं खाडी ओलांडायची न्हायत."

जनी चौकीवर आली. आत न येता बाहेरच्या उंबराखाली उभी राहिली.

"दादूस, लग्नाला येऊ नको."

"बिल्ला काढून येतो मी. धोतर नेसून मागं बसेन."

"कोंबडे काय बिल्ल्यानं मागितले होते?"

ती गेल्यावर अंबाजी तडक आत गेला. "हवालदारसाहेब, आजपासून माझ्या बहिणीच्या दारात कुणी जायचं नाही."

हवालदार हसला. "बरं. मग कुणाच्या दारात जायचं तेवढं दाखव."

कुणाच्याच नाही, हे उत्तर अंबाजीला सुचलं होतं. पण त्यानं सांगितलं ते गावातल्या धर्माजीचं घर. धर्माजीकडे कोंबड्या पुष्कळ होत्या आणि पोलिसात कुणी नव्हतं.

लग्नाच्या संध्याकाळी तो चौकीतच होता. मांडवात मामा म्हणून शेजारचा बुधाजी उभा राहिला. वाजंत्री बंदरापर्यंत ऐकू येत होती. दयाराम नावाचा नवा शिपाई दारात येऊन म्हणाला, "जोरात चाललंय. कुणाचं हो लग्न?"

अंबाजी कंदिलाची काच पुसत होता.

"असेल कुणाचं तरी," तो म्हणाला.